काळूरामचं अफूचं कार्ड

येसूबाई : हात नको लावू मला. खालापूरवरनं चालत आलेय, उंबरा बी माझी मी चढंन.

सोमा : आये, पानी तरी घे.

येसूबाई : तुझ्या हातचं नको. सरकारी अफूच्या दुकानात दुकानदारानं रांगेत समद्यांसमोर वाचलं. काळूराम धर्मा, मयत, अफूचं कार्ड रद्द. मी म्हटलं, कुनी कळवलं रं? तर म्हनतो, तुझ्याच पोरानं, कचेरीतल्या शिपायानं.

सोमा : खोटं नाय कळवलं. बा जाऊन वरीस झालं.

येसूबाई : साऱ्या गावाला ठाव हाय. तेराव्याला गाव जेवलं, तो दुकानदार बी जेवला. एका सरकारलाच ठाव नव्हतं, तर तुझं काय बिघडत होतं?

सोमा : अगं, अलिबागवरनं मोठे साहेब आलते तपासनीला. आमा समद्या शिपायांना उभं केलं. म्हनाले, कुनाच्या घरात मेलेल्या मानसाच्या नावावर अफू येते? उद्या सकाळपातुर सांगा. मागनं सापडलं तर नोकरी गेली.

येसूबाई : मंग?

सोमा : सकाळी मी हात वर केला.

येसूबाई : एकट्यानं?

सोमा : एकट्यानं.

येसूबाई : वा रं हरिश्चंद्रा! बाकीच्यांचे बाप काय अमरपट्टा घेऊन आलेत? कवा झालं ह्ये?

सोमा : गेल्या सोमवारी.

येसूबाई : म्हंजे आदल्या राती माझ्यासमोर बसून जेवलास. त्यानंतर आठ दिस जेवलास. काल माझे गुडघे चेपलेस, वर म्हनालास, उद्या दुकानात सावकाश जा. म्हनालास का नाय?

सोमा : म्हनालो.

येसूबाई : जीभ कशी रेटली रं तुझी?

सोमा : आधी सांगितलं असतं तर तू रडली असतीस, मंग माझा हात वर गेला नसता. मागनं धीरच झाला नाय.

येसूबाई : बत्तीस वर्सं चिखलात वाकून लावनी केली. गुडघे गेले तवा तुझ्या बानं आपल्यातली अर्धी अफूची गोळी मला दिली. कार्डं निघाली तवा बाईमानसानं नाव लावायचं म्हंजे लाज, म्हनून दोघांचं मिळून त्याच्या एकट्याच्या नावावर लावलं. तुला समदं ठाव होतं.

सोमा : होतं.

येसूबाई : दुकानात ठाव असून बी वहीपुरतं दर म्हयन्याला इचारायचे, काळूराम कसा हाय? मी म्हनायची, हाय, पडून हाय. म्हयन्यातनं एकदा तरी तो हाय म्हनायला मिळायचं रं मला. त्ये बी तू खोडलंस.

(सोमा तांब्या खाली ठेवतो.)

सोमा : आये, ऐक. म्हाताऱ्या दुखनेकऱ्यांना डाक्टरच्या चिठ्ठीवर नवं कार्ड मिळतं. परवा कर्जतला डाक्टर बसनार हाय. तुझा अर्ज मी भरलाय. साहेबांसमोर फकस्त सांगायचं, मी अफू खाते म्हनून.

येसूबाई : चारचौघांत?

सोमा : रांग असती. शिपाई नाव पुकारतो, मंग आत जायचं.

येसूबाई : शिपाई कोन?

सोमा : मीच.

येसूबाई : आन नाय आले तर?

सोमा : अंग मोडून येईल. दोन दिसांत हातरून धरशील.

येसूबाई : माझं अंग मला नको सांगू. येईन. न येऊन जाते कुठं?

सोमा : नामाकाकाला गाडी जुपायला सांगू?

येसूबाई : सांग. पर तिथं पुकारताना कागदावर लिवलंय तेवढंच नाव घे. आये म्हनू नको.