चाळीसच्या आत

ओक-जिन : बाबा, हे आईचं नूडल्सचं पातेलं आहे!

दक-चिल : होतं. आता रॉकेलचं झालं. टॉर्च इकडे धर.

ओक-जिन : मी टॉर्च धरायला नाही आले. देगूहून दोन तास बसमध्ये आदळत आले ती टेंपोची किल्ली न्यायला. आणि इथे बघते तर तुम्ही सीट उलटी करून, इंजिन उघडं टाकून बसलाय.

दक-चिल : किल्ली खुंटीवर आहे. न्यायची तर ने. पण आधी मला हे बघू दे. जरा डावीकडे. डावीकडे म्हटलं, माझ्या डोळ्यांत नाही.

ओक-जिन : वय काय तुमचं, आणि चाललंय काय!

दक-चिल : अठ्ठ्याहत्तर. विसरलो नाहीये अजून, टिपून ठेव.

ओक-जिन : बोलू नका उगाच. तोंडाला फडकं तरी बांधा, किती वास येतोय त्या स्प्रेचा. आणि हे गॅरेजवाल्याकडे का नाही नेलं? तो काय खातो का तुम्हाला?

दक-चिल : तो नाही खात, त्याची बायको खाते. गॅरेजवाला म्हणाला, आजोबा, गाडीत काहीच बिघाड नाही, की दुपारच्या जेवणाला अख्ख्या गावाला कळणार.

ओक-जिन : काय कळणार?

दक-चिल : गाडीत नाही, तर कुणात आहे ते. दहाचा पाना दे. तो नाही, लांब दांड्याचा.

ओक-जिन : गावाला कळायचं ते गुरुवारीच कळलंय. मला शेजारच्या चुन-जा काकूंचा फोन आला तेव्हा मी वॉर्डात पेशंटला सलाइन लावत होते. सिग्नल हिरवा झाला आणि तुझे बाबा चौकाच्या मधोमध गाडी घेऊन उभे, म्हणाल्या. मागून लाकडाचा ट्रक आला. चार बोटांवर थांबला म्हणे, चार बोटांवर! सुई दुसऱ्या नर्सच्या हातात दिली आणि तुम्हाला फोन लावला.

दक-चिल : चुन-जाला सगळं चार बोटांचंच दिसतं. चांगला हातभर लांब होता.

ओक-जिन : हसू नका. मी विचारलं तुम्हाला, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला होता की नाही? तुम्ही काय म्हणालात?

दक-चिल : टॉर्च नीट धर.

ओक-जिन : म्हणालात, आठवत नाही. म्हणून उद्याची वेळ घेतली मी, आरोग्य केंद्रात. स्मरणशक्तीची तपासणी. अर्ध्या तासाचं काम आहे, चित्रं दाखवतात, वार विचारतात. आणि लायसन्स परत करायचा फॉर्मही आणलाय. बसचं कार्ड मिळतं त्याच्या बदल्यात.

दक-चिल : बस आपल्या बागेत जाते का? सफरचंदाच्या पेट्या काय ड्रायव्हरच्या मांडीवर ठेवू?

ओक-जिन : बाबा…

दक-चिल : शेवटचा बोल्ट धरून बसलाय. गंजलाय मेला.

ओक-जिन : सरका. द्या इकडे. जोर लावाल आणि तोंडावर आपटाल. आधी हातोडीनं दोन-चार टिचक्या मारायच्या… असं. हं, निघाला.

दक-चिल : हे कुठे शिकलीस?

ओक-जिन : तुमच्याकडेच. दहा वर्षांची होते, टॉर्च धरायला लावायचात तासन् तास. तेव्हाही डोळ्यांतच जायचा उजेड. आता काय काढायचंय?

दक-चिल : हा डबीएवढा दिसतोय ना, तो. ईजीआर म्हणतात त्याला. इंजिनाचा थोडा धूर परत इंजिनातच सोडतो. दोन्ही हातांनी धर, वायरचं टोक मी काढलंय. सावकाश.

ओक-जिन : अगं बाई! हे काय आहे? नुसती काजळी! भोक कुठाय यात?

दक-चिल : भोक होतं. दोन बोटं जातील एवढं.

ओक-जिन : आता पेन्सिल नाही जायची. बाबा? काय झालं? चेहरा का असा झाला? बसा बरं आधी. स्टुलावर बसा.

दक-चिल : दाब.

ओक-जिन : काय दाबू?

दक-चिल : ती मधली चकती. अंगठ्यानं दाब. मी दाबून बघितली, मला खरं वाटत नाहीये. तू दाब.

ओक-जिन : हलत नाही. चिकटलीये. अर्धी उघडी आहे आणि तशीच बसलीये.

दक-चिल : जोरात दाब.

ओक-जिन : दाबतेय. नाही हलत.

दक-चिल : पोरी, ही उघडी राहिली ना, की इंजिनाला हवाच मिळत नाही. स्वतःचाच धूर पीत बसतं. तू कितीही दाब, गाडी गुदमरते आणि बंद पडते.

ओक-जिन : म्हणजे गुरुवारी…

दक-चिल : म्हणजे मी दाबला होता.

ओक-जिन : बाबा.

दक-चिल : मी पाय दाबला होता, ओक-जिन. पार खालपर्यंत. आणि गाडी हलली नाही, तेव्हा मला वाटलं, दाबलाच नसेल. पायाला सांगितलं आणि पायानं ऐकलं नाही, असं वाटलं. त्या दिवसापासून रोज सकाळी पलंगावर बसून जमिनीवर पाय दाबून बघतोय. दाब म्हणतो, दाबला जातो. उचल म्हणतो, उचलतो. तरी खात्री होत नव्हती. वार मोजतो, नातवंडांच्या जन्मतारखा म्हणतो. सगळं येतं. पण वाटायचं, जे येत नाही ते आपल्याला कळणार कसं?

ओक-जिन : आणि हे मला सांगायचं नाही? मुलगी नर्स आहे तुमची!

दक-चिल : नर्स आहे म्हणूनच. तू रडतेयस का? काजळीचा हात डोळ्यांना लावू नकोस, घुबडासारखी दिसशील.

ओक-जिन : दिसू दे. चार दिवस मला झोप नाही, बाबा. माझ्या वॉर्डात असे किती जण येतात, माहितेय? आधी गाडी, मग गॅस, मग मुलीचं नाव. मी तुमचा पलंगसुद्धा बघून ठेवला होता. खिडकीजवळचा.

दक-चिल : खिडकीजवळचा? बरी आहेस. चल, ब्रश घे. पातेल्यात बुडवून घास. स्प्रे फक्त या लोखंडाच्या बाजूला, वायरच्या डबीवर थेंब नको.

ओक-जिन : हा माझा टूथब्रश आहे!

दक-चिल : तू येतेस वर्षातून दोनदा, सणाला. त्याला तरी काही काम हवं.

ओक-जिन : बाबा, एवढी काजळी साठते कशी पण? तुम्ही तर इतकी जपून चालवता.

दक-चिल : जपून चालवतो म्हणूनच. इंजिन तापतच नाही. बागेपर्यंत तीन किलोमीटर, परत तीन. आणि चाळीसच्या आत.

ओक-जिन : चाळीसच्या… 

दक-चिल : तीन वर्षं झाली. आईच्या पहिल्या श्राद्धाला, तिच्या फोटोपुढे, तू माझ्या हातात तिला वाहायचा दारूचा पेला दिलास आणि म्हणालीस, आईसमोर शब्द द्या, चाळीसच्या वर नेणार नाही. मी दिला. तिच्यासमोर दिलेला शब्द मोडायची माझी काय हिंमत? मागून पोरं हॉर्न मारतात. ट्रॅक्टरवाला परवा हात दाखवून पुढे गेला.

ओक-जिन : म्हणजे ही काजळी मी घातली.

दक-चिल : अर्धी तू, अर्धी तुझ्या आईनं. मी फक्त चालवली.

ओक-जिन : हसताय काय! मी भीतीपोटी हळू चालवायला लावलं, त्यानं गाडी बंद पडली, आणि गाडी बंद पडली म्हणून मी तुम्हालाच… मला माफ करा, बाबा.

दक-चिल : माफी काय मागतेस! मी हरवलो असं वाटत होतं, तो सापडलो; त्याची कुणी माफी मागतं का? आता दाबून बघ चकती.

ओक-जिन : हलतेय! बाबा, आवाज ऐका. टक. टक. टक.

दक-चिल : अजून एकदा.

ओक-जिन : टक!

दक-चिल : झकास. पूस कोरड्या फडक्यानं. ते जोडावर बसवायचं नवीन गॅस्केट दे, पिशवीत आहे. परवाच आणलं. दुकानदाराला सांगितलं, शेजाऱ्याला हवंय.

(तासाभरानं. टेंपो सुरू होतो, काळ्या धुराचा एक लोट सोडतो आणि मग शांत धडधडतो. दोघं घाटाच्या रस्त्याला लागलेले.)

ओक-जिन : काटा किती?

दक-चिल : चाळीस.

ओक-जिन : दाबा.

दक-चिल : शब्द दिलाय.

ओक-जिन : तो शब्द मी द्यायला लावला होता, मीच सोडवते. वर आईच्या थडग्याशी जाऊन सांगू दोघं.

दक-चिल : मग वरपर्यंत चाळीसनंच गेलं पाहिजे. परवानगीच्या आधीच मोडला तर तिथे जाऊन बोलू काय?

ओक-जिन : बाबा, तिला मी समजावेन. तुम्ही दाबा!

दक-चिल : पन्नास… साठ. चढ आहे बरं का हा.

ओक-जिन : कळतंय.

दक-चिल : सत्तर. बघितलंस? पाय दाबला आणि गेला! नुसता टेकवला की जातोय!

ओक-जिन : बघितलं, बाबा. बघितलं. पुढे बघा आता तुम्ही.

दक-चिल : पुढेच बघतोय. ऐंशी. काय हवा येतेय!

ओक-जिन : मी उद्या सकाळीच केंद्रात फोन करून नाव काढून टाकते. नाही करायची ती तपासणी.

दक-चिल : किती वाजता बोलावलंय?

ओक-जिन : दहाला. पण म्हणतेय ना, आता गरज नाही.

दक-चिल : जाऊ या.

ओक-जिन : कालपर्यंत तर फोनवर तपासणीचा विषयही काढू देत नव्हता!

दक-चिल : कालपर्यंत भीती वाटत होती.