डोंगरापलीकडं दिलेली

मंडळी, नमस्कार. सरपंच, शाळेतले मास्तर लोक, माझ्या बायांनो, आणि मध्यानं शिकवलेली पोरं. पोरं म्हणते खरी, पण समोर बघते तर निम्म्यांची डोकी पांढरी झालीत. भातकापणी ऐन भरात आहे, कापलेलं भात शेतात पडलंय, ते टाकून तुमी आलात. त्याला फार बरं वाटलं असतं. आणि लगेच ओरडला असता, "अरे, आभाळ बघितलं का? आधी भात उचला!"

मला बोलता येईल की नाय, ठाऊक नाय. आणि आठवायला जावं, तर सगळं हसण्यासारखंच आठवतंय. शोकसभेत हसलेलं चालतं का हो? नसलं चालत तर मला खाली बसवा. पण मग मध्याबद्दल बोलायला दुसरं माणूस शोधा, आणि तेही हसणारच.

ज्यांना माहीत नाय त्यांना सांगते. मी यमुना. तुमच्या मधू सरांची थोरली बहीण. तुमच्यासाठी ते भूगोलाचे सर, आधी शेणव्याला आणि मग इथं मुरबाडला. माझ्यासाठी मध्या. माझ्या पाठचा, माझ्या कडेवर वाढलेला. मागच्या आठवड्यात दुपारी जेवला, पंचा उशाला घेऊन आडवा झाला, तो उठलाच नाय. पाठच्या भावानं आधी जावं, हा काय न्याय झाला? मी त्याच्यावर चिडलेय. ते आधीच सांगून टाकते.

बरं, आता एक काम करा. मध्याच्या हाताखाली ज्यांनी ओला पंचा पिळलाय, त्यांनी हात वर करा. लाजू नका, करा वर. अगो बाई! डॉक्टर, तुमीपण? सरपंच, तुमीपण? सगळी सभाच भिजलेली आहे.

ज्यांनी नाय पिळला त्यांना वाटेल, ही म्हातारी काय बडबडते. तर ऐका. तो धडा वर्गात जन्मला नाय. तो माझ्या सासरी, खताच्या ढिगावर जन्मला. आणि माझ्यासाठी जन्मला. तेच सांगायला मी उभी आहे.

मला दिली माळशेज घाटाच्या पलीकडं, आणे गावच्या पठारावर. इथून सकाळी एस्टीत बसलं की दुपारच्या जेवणाला माणूस तिथं पोचतं. एवढंच अंतर. पण इथं पावसाळ्यात अंगावरचं लुगडं वाळत नाय, आणि तिथं आषाढात धुरळा उडतो. मी सिद्धगडाच्या पायथ्याशी वाढलेली. मला वाटायचं, आभाळ सगळ्यांना सारखं, म्हणजे पाऊसपण सगळ्यांना सारखा.

बाबा पहिल्यांदा मला भेटायला आले, तर मी ताटात बाजरीची भाकरी वाढली. बाबांनी ताटाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आणि भात?" "भात सणाला, बाबा." झालं! माणसाच्या डोळ्यांत पाणीच आलं. भाताच्या गावची पोर, आणि भात सणाला!

पुढच्या आषाढात बाबांनी काय केलं असेल? राबाच्या वाफ्यातली भाताची रोपं उपटली, जुड्या बांधल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळल्या आणि एस्टीच्या टपावर चढवल्या. कंडक्टर म्हणाला, "काका, आख्खं शेत घेऊन निघालात का?" बाबा म्हणाले, "पोरीला देतोय."

माझ्या सासऱ्यांना सगळे आबा म्हणायचे. बाबा त्यांना म्हणाले, "एवढा एक तुकडा चिखलून द्या, भात लावू." आबा म्हणाले, "अवो पाव्हणं, पाणी कुठाय?" "पाणी मागनं येतंय ना! मी निघालो तेव्हा आमच्याकडं धो धो चाललंय. आज नाय तर उद्या घाट चढून येईल."

व्याह्यांचा शब्द मोडायचा कसा? आबांनी विहिरीचं होतं नव्हतं ते पाणी सोडून बाजरीचा तुकडा चिखलला. आमी रोपं लावली. मी तर गाणं म्हणत लावली. आणि मग सगळे पश्चिमेकडं तोंड करून बसलो. ढग यायचे हो! घाटमाथ्यावर काळेभोर दिसायचे. आणि आमच्यापर्यंत येईस्तोवर पांढरेफटक. भुरभुर यायची, तोंड धुवायलापण पुरायची नाय. भात वाळला. त्या तुकड्यातली बाजरीपण गेली.

आबांनी निरोप धाडला, "पाऊस घरीच विसरला काय पाव्हणं?" चेष्टेनं म्हणाले असतील. पण बाबांना झोंबलं. बाबांचा उलट निरोप, "तुमच्या गावात पुण्याई नाय, म्हणून पाऊस पाय टाकत नाय." आता पुण्याई काढल्यावर कोण गप बसेल? आबा म्हणाले, "मग पुण्यवानांच्या घरी आमची सून जायाची न्हाई." झालं. पंचमीला माहेर नाय, गौरीला नाय. दिवाळी आली. मी रोज ओसरीवर उभी राहून रस्त्याकडं बघायची. आई आठवायची, ओलं अंगण आठवायचं. बेडूकसुद्धा आठवायचे, काय सांगू!

आणि आला मध्या. कल्याणला कॉलेजात भूगोल शिकत होता. मिशीचा पत्ता नाय, पण तोंड चालू. आबांनी चहा दिला आणि सांगितलं, "बहीण न्हाई यायाची. बापाला सांग." मध्या म्हणाला, "बरं. पण आबा, एक बादली पाणी आणि एक पंचा मिळेल का?"

घरामागं खताचा ढीग होता, चांगला पुरुषभर उंच. मध्यानं आबांना ढिगाच्या पूर्वेला उभं केलं. आमच्या ह्यांना पश्चिमेला, हातात ओलागच्च पंचा देऊन. "दाजी, तुमी वारा. ही बादली म्हणजे अरबी समुद्र, तिथनं पाणी पिऊन आलात. हा ढीग म्हणजे माळशेज. चढा आता, आणि चढताना पिळत चला."

आमचे हे! गावात ह्यांच्या मिशीला लोक दबकून असायचे. ते घोटाघोटा खतात रुतत, पंचा पिळत वर चाललेत! सासूबाई पदर तोंडाला लावून हसतायत. पश्चिमेचा सगळा ढीग ओला झाला. हे माथ्यावर पोचले तसा मध्या म्हणाला, "आता पलीकडं उतरा आणि आबांच्या ओंजळीत पिळा." आबांनी ओंजळ धरली. ह्यांनी जीव खाऊन पिळला. एक थेंब पडला.

आबा त्या थेंबाकडं बघतच राहिले. "म्हंजी आमचं पाणी तुझ्या बापानं पिळून घेतलं व्हय रं?" "बापानं नाय आबा, डोंगरानं. वारा वर चढला की गार होतो. गार वाऱ्याला पाणी धरवत नाय, सांडतं. पलीकडं उतरताना तो पुन्हा तापतो, मग उरलंसुरलं पाणी सोडत नाय. ह्यात कुणाचं पुण्य नाय, कुणाचं पाप नाय. डोंगर मधे आहे, एवढंच."

आणि मग जे म्हणाला, ते मी मरेपर्यंत विसरायची नाय. "आबा, आता दिवाळी आली. जमीन गार झाली, समुद्र अजून ऊबदार आहे. म्हणून वारा उलटा फिरलाय, तुमच्याकडनं आमच्याकडं. समुद्रावरनं आलेला वारा समुद्राकडं परत निघालाय. एवढा मोठा वारा माहेरी जातो, मग माझ्या बहिणीनंच तुमचं काय घोडं मारलंय?"

आबा हसले. एवढे हसले की ठसका लागला. आणि त्या ठसक्यातच म्हणाले, "सूनबाई, बांधा बोचकं."

मंडळी, एका थेंबानं मला माझं माहेर परत दिलं. तुमी शाळेत पंचा पिळलात ना, तो हा.

पण इथं बाबा होते! ते कसले ऐकतायत? "पाऊस पुण्याईनंच पडतो," म्हणाले. मग मध्यानं लाल भोपळा घेतला आणि त्याच्यावर कोळशानं देश काढले. "बाबा, ही दक्षिण अमेरिका. ही अँडीज डोंगराची रांग, वरपासून खालपर्यंत. इथं वरती वारा पूर्वेकडनं येतो, म्हणून पूर्वेला घनदाट रान. आणि पलीकडं पेरू देशाचा किनारा, समुद्राला लागून असून कोरडा ठणठणीत, कारण तिथला समुद्रपण गार. आता खाली या. इथं वारा पश्चिमेकडनं येतो. मग पाऊस पश्चिमेला आणि पूर्वेला कोरडं. डोंगर एकच, बाबा! वरती पुण्यवान ह्या अंगाला आणि खाली त्या अंगाला, असं असतं का?"

बाबा म्हणाले, "आणि जिथं डोंगरच नाय तिथं?" मध्याला तेच पायजे होतं. "हे सहारा वाळवंट. विषुववृत्तावर ऊन कडक, हवा तापून सरळ वर जाते. वर गार होते, पाणी तिथंच पिळून टाकते, आणि कोरडी होऊन सहाराच्या अंगावर उतरते. तिथं आभाळच डोंगराचं काम करतं."

बाबा कितीतरी वेळ भोपळा फिरवत बसले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे पाप कुणाचंच नाय?" "नाय बाबा." "मग मी व्याह्यांना बोललो ते?" "ते तेवढं तुमचं!"

त्याच भोपळ्याची आईनं भाजी केली. मध्या चुलीपाशी ओरडत होता, "आई, आफ्रिका नको कापू गो!"

भाऊबीज झाल्यावर मला पोचवायला बाबा स्वतः आले. रोपं नाय, तांदळाचं पोतं घेऊन. आबांना म्हणाले, "पाव्हणं, पाऊस आणता येत नाय. तांदूळ आणता येतो." आबांनी त्यांना गळामिठी मारली आणि परत जाताना बाजरीचं पोतं दिलं. तेव्हापासून दर दिवाळीला मध्या मला न्यायला यायचा. येताना तांदूळ, जाताना बाजरी आणि मी.

आणि येताना जगातली कुठली तरी बाई घेऊन यायचा. म्हणजे गोष्टीतली हो! अगो भावजय, शालू, घाबरू नको! "ताई, हवाईच्या बेटांवर एका अंगाला पाऊस थांबत नाय आणि डोंगरापलीकडं सगळं रखरखीत. तिथंपण असेल कुणी तुझ्यासारखी, पलीकडं दिलेली." "ताई, मद्रासकडं दिवाळीतच पाऊस. परतीचा वारा बंगालच्या उपसागरावरनं पाणी उचलतो नि त्यांना देतो. फटाके भिजतात बिचाऱ्यांचे." मी चौथी शिकलेली. पण जगातल्या कोरड्या गावांतल्या बायका मला ठाऊक आहेत. पठारावर मला कधी एकटं वाटलं नाय, ते माझ्या भावामुळं.

अलीकडं मात्र वेगळंच सांगायचा. "ताई, वारा तोच आहे, पण समुद्र तापलाय. पाऊस वेळ चुकवायला लागला. येत नाय तर येत नाय, आणि आला की एका दिवसात सगळं ओततो." मी म्हणाले, "मग करायचं काय?" म्हणाला, "बघत राहायचं. आणि पोरांना बघायला शिकवायचं." ते त्यानं केलं. तुमी इथं बसलायत.

आता मनातलं सांगते. तो गेल्याचा फोन आला, तेव्हा शेजारीण मला जवळ घेऊन म्हणाली, "यमुनाबाय, आता तुला न्यायाला कोण येणार गं?" मी आधी रडत नव्हते, पण ते ऐकून रडले. आईबाबा गेले, तरी मध्या होता. आता रस्त्याकडं बघायचं कशाला? तशीच ओसरीवर उभी राहिले. आणि पाठीला वारा लागला. पूर्वेचा. खाली इकडं येणारा. फिरला होता, बाबांनो! त्याला मध्या गेल्याचं कुणी सांगितलं नव्हतं.

मग मी थांबले नाय. बाजरीचं पोतं भरलं, एस्टीत टाकलं आणि घाट उतरले. दारात शालू उभी. मला बघून रडली आणि ओटीकडं बोट दाखवलं. लवकर पिकणाऱ्या हळव्या भाताचा नवा तांदूळ. पोतं शिवून तयार. जायच्या आधी त्यानं स्वतः शिवलेलं. मी म्हणाले, "शालू, दर दिवाळीला माझी मी आले, तर चालेल का गो?" शालूनं डोळे पुसले आणि म्हणाली, "ताई, एकदा विचारलंत. परत विचारलंत तर मी बोलणार नाय तुमच्याशी."

तर मंडळी, उठा आता. घाटाकडं तोंड करा. दोन मिनिटं कुणी बोलू नका. डोळे मिटा आणि वारा तोंडाला लागतो का ते बघा, सर सांगायचे तसं. तो माझ्या सासरहून आलाय.

मध्या, वारा फिरला रे. ह्या खेपेला माझी मी आलेय. बाजरी आणलीय.