एक्केचाळीस मयत आणि आमच्या ताई

माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणेमंडळी, सत्कारमूर्ती ताई, पहिल्या रांगेतल्या त्यांच्या सासूबाई, आणि चहा येईपर्यंत हलता येत नाही म्हणून बसलेले सुज्ञ श्रोतेहो,

मी या केंद्राचा नोंदणी लिपिक. तेवीस वर्षं ताई समुद्रात बुडी मारून प्रवाळ मोजतात आणि मी कोरड्या खुर्चीत बसून आकडे लिहितो. सासूबाई मघाशीच म्हणाल्या, "दगडाला दर महिन्याला पट्टी लावते, स्वतःच्या नातवाची उंची कधी घेतली का?" आजी, नातू पळतो हो! प्रवाळ एका जागी थांबतं.

असो. नामशेष होऊ घातलेल्या प्रवाळाच्या फांद्या आम्ही उजाड खडकावर लावल्या, प्रत्येकीच्या बुडाशी नंबराची चकती ठोकली. नियम माझा: चकती दिसली नाही, तर प्रवाळ मयत. याहून सोपं शास्त्र कुठलं? तिसऱ्या वर्षी चकत्या दिसेनात. ताई वर येऊन ओरडायच्या, "अहो भाऊ, खाली सगळं भरलंय!" मी म्हणायचो, "नंबर सांगा." एक्केचाळीस मयत लिहिले! अध्यक्ष महोदय, रागावू नका, पण ते रजिस्टर वाचून आपण लागवड बंद करायच्या कागदावर सहीसाठी पेन उघडलं होतं. हो की नाही?

तेवढ्यात ताई ओल्या पोशाखातच आत. फरशीभर पाणी.

"थांबा साहेब! भाऊंच्या मयतांना भेटून आले."

"चकत्या?" मी.

"गिळल्या."

"कोणी?"

"त्यांनीच! बुडं इतकी फुगलीत की चकत्या पोटात गेल्या. लागवडीचा नकाशा घेऊन एकेक चाचपलं, बोटाला चकतीची कड लागली. अडतीस जिवंत आहेत. एक मयत तर वर्षात नऊ सेंटिमीटर वाढलाय!"

आणि ज्यांच्या चकत्या लख्ख दिसत होत्या, ज्यांना मी 'उत्तम' लिहिलं होतं? ती सगळी खुरटलेली निघाली. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. आज नव्या खडकावर लागतात त्या माझ्या मयतांच्याच फांद्या.

आता ताई नातवाला मोजणार, असं ऐकतो. बाळा, चकती ठोकू देऊ नकोस.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. प्रवाळानं घातलं, आपण तर माणसं आहात. शेवटचं एक. आज सकाळी रजिस्टरात ताईंच्या नावापुढे मी स्वहस्ते 'निवृत्त' लिहिलं. पण माझ्या नोंदींचा लौकिक आपण जाणताच. उद्या खडकावर बोटानं चाचपून पाहा.