वरच्या खोलीतलं रीडिंग

जावई : आता किती आला आकडा?

वायरमनताई : दोनशेच्या वर. छान आहे.

जावई : म्हणजे झालं! दवाखान्यात फोन करतो. म्हणतो, निघा बाळाला घेऊन.

वायरमनताई : थांबा, दादा, थांबा! पडला.

जावई : काय पडलं?

वायरमनताई : आकडा हो. शून्याला टेकला. अहो, हा जितका मोठा, तितकं वायरीवरचं कवच शाबूत. शून्य म्हणजे आत कुठंतरी विजेला पळवाट मिळालीय.

सासू : मघापासून हेच चाललंय. घडीत चढतोय, घडीत उतरतोय. ताप आलेलं माणूस परवडलं.

जावई : आई, तुम्ही नका ना मध्ये बोलू.

सासू : मी आपली बसलेय एका जागी. सकाळपासून जागेवर नाही ते तुम्ही, जावईबापू. नुसती येरझार. बघून बघून माझी मान दुखली.

वायरमनताई : सगळे प्लग काढलेत ना? कपाटामागं काही राहिलं नाही?

जावई : इस्त्री काढली, कोपऱ्यातला दिवा काढला. मेन स्विच तर तुम्हीच बंद केलात.

वायरमनताई : मग हे दारामागचं सॉकेट दगा देतंय. काळवंडलंय बघा. बदलूनच टाकते.

जावई : लवकर बदला. मी खाली बेकरीत जाऊन येतो, भट्टीत पाव करपतोय वाटतं.

सासू : जा, जा. पाव करपला तरी चालेल, पण जरा जा.

(थोड्या वेळानं.)

जावई : काय झालं? बदललं?

वायरमनताई : बदललं. तुम्ही खाली होतात तेवढ्यात पुन्हापुन्हा मोजलं. ठणठणीत! या, तुम्हीच बघा.

जावई : बघू, बघू! कुठाय?

वायरमनताई : हात्तिच्या! परत पडला की.

जावई : तुमचं मीटरच बिघडलंय.

वायरमनताई : मलाही तसंच वाटलं होतं. म्हणून पलीकडच्या जिन्याची वायर मोजली, तिथं आकडा पहाडासारखा उभा राहिला. दोष मीटरात नाही. आणि सॉकेटातही नव्हता, मी उगाच त्याच्यावर आळ घेतला.

जावई : फोन वाजतोय… हॅलो? हो गं. झालंच. अगदी झालंच म्हण ना. नर्सला सांग, सॉकेट तपासून झालंय… रडू नकोस. आणतोय आपण तिला आज. हो. ठेव.

वायरमनताई : काय झालंच, दादा? कशाला खोटं सांगितलंत?

जावई : मग काय सांगू? दोन महिने आधी जन्मली हो ती. इतके दिवस काचेतून बघतोय तिला. आज सोडतायत, तर म्हणे घरी ऑक्सिजनचं यंत्र लागेल, सॉकेट सुरक्षित आहे असं वायरमननं सांगितल्याशिवाय सोडणार नाही. ताई, तुम्ही नुसतं ‘हो’ म्हणा ना. पुढचं मी उद्या बघतो.

वायरमनताई : नाही म्हणवणार.

जावई : मग खालच्या खोलीत लावतो यंत्र.

सासू : खाली? पिठाच्या धुळीत? तुम्हालाच खोकला सुटतो तिथं. ती तर एवढीशी, मुठीत मावेल.

वायरमनताई : दादा, मी ‘हो’ म्हटलं की रात्रभर तिचा श्वास माझ्या त्या एका शब्दावर चालणार. मला झोप लागेल का? आता निम्मी वायर सोडवून बघते. पलीकडच्या भिंतीकडची बरी निघाली, तर खोट ह्या पाळण्याच्या बाजूला.

जावई : करा काय ते. मी पाण्याची मोटर बघून आलो.

सासू : कशाला? बरं, जा.

वायरमनताई : …पलीकडची चांगली. आणि पाळण्याकडची… अरेच्चा, हीपण चांगली दाखवतेय!

सासू : ताई, एक बोलू? मला आकड्यातलं कळत नाही. मी आपली तुमच्या तोंडाकडे बघत बसलेय. जावईबापू खाली गेले की तुमचा चेहरा उजळतो. वर आले की उतरतो.

वायरमनताई : काय म्हणालात?

सासू : देवाशपथ. दर वेळी.

वायरमनताई : दादा! अहो दादा, वर या! धावू नका. आता खिडकीपासून पाळण्यापर्यंत चाला. सावकाश. पुढं. अजून… तिथंच उभे राहा! शून्य. मागं व्हा. दोनशे. परत पुढं. शून्य! जमिनीच्या ह्या फळीवर पाय पडला की आकडा जातोय. हिचे खिळे नवे दिसतायत.

जावई : मीच ठोकलेत. परवा.

वायरमनताई : का?

जावई : वाजायची ती. पाय पडला की करकर करायची. म्हटलं, बाळ दचकून उठेल. चांगले लांब खिळे आणून दाबून ठोकले, परत हलायलाच नको… ताई, खालून वायर जाते?

वायरमनताई : अगदी खालून. खिळा शिरलाय वायरीत. फळी दबली की तो आत टेकतो.

जावई : म्हणजे मीच… पाळण्याखाली… तिच्या पाळण्याखाली मीच हे पेरून ठेवलं?

सासू : जावईबापू, इकडे या. बसा इथं. अहो, मुद्दाम केलंत का? लेकराच्या झोपेसाठीच केलंत ना? देवानं आज दाखवलं, ती घरात यायच्या आधी. हात जोडा आणि पक्कड द्या त्यांना.

जावई : मी काढतो खिळे. माझे मीच काढतो.

वायरमनताई : काढा. हळू, तिरपा ओढा. फळी उचला. हे बघा, वायर सोललीय. एवढा तुकडा कापून नवा घालते, डबीत पक्का जोडते. फळी मग बाजूच्या तुळईवर स्क्रूनं बसवू.

जावई : वाजेल परत?

वायरमनताई : थोडी वाजेल.

सासू : वाजू दे. झोपायचं तर त्यातही झोपेल.

वायरमनताई : …झालं. लावते मीटर. दादा, असे पुतळ्यासारखे का उभे? श्वास तरी घ्या.

जावई : मी हललो की पडेल.

वायरमनताई : तेच तर बघायचंय. चाला.

जावई : नको. तुम्हीच चाला.

सासू : चाला हो. मी सांगते ना.

जावई : …किती आहे?

वायरमनताई : दोनशेच्या वर.

जावई : आता? आता फळीवर आहे मी.

वायरमनताई : आकडा जागचा हललेला नाही. करा फोन. नर्सशी मी बोलते, माझ्या तोंडानं ‘हो’ सांगते.

जावई : घ्या, लावलाय… आई, माझे पाय थांबत नाहीयेत.

सासू : नका थांबवू. रात्री खांद्यावर ती असेल, तेव्हाही असंच चालायचंय.