निळ्या कापडातली पाटी

कुओ आजी : दारातच काय उभे, लो पाद्री? आत या. मी अजून मेले नाही.

लो पाद्री : आलो असतो, आजी. पण फळीवरची तुमच्या यजमानांच्या नावाची ती पाटी अजून तिथेच आहे. बिशपचा हुकूम आहे, ती जाळेपर्यंत मला तुम्हाला मरणाआधीचं शेवटचं पवित्र तेल लावता येणार नाही.

कुओ आजी : चार दिवस तेच एक पालुपद. सूनबाई, यांना चहा दे. तेच तेच बोलून घसा कोरडा पडला असेल.

श्यूइंग : देते. तुम्ही हळू बोला आई, दम लागतो तुम्हाला.

कुओ आजी : हळू बोलणारी असते तर या घरात चाळीस वर्षं टिकले असते का? बसा पाद्री. त्याच खुर्चीत तुमच्या आधीचे फान पाद्री बसायचे. रेशमी झगा, विद्वानाची टोपी, बोलणं कसं लोण्यासारखं! आमचे हे गेले तेव्हा सुताराला बोलावून पाटी त्यांनीच करून घेतली. ‘आत्म्याचं आसन’ वगैरे काही लिहू दिलं नाही, नुसतं नाव. आणि म्हणाले, नवऱ्याच्या नावापुढे वाकलीस तर ती माया, पूजा नव्हे. बारा वर्षं वाकले. आता तुम्ही सुती झग्यात आलात आणि तेच पाप झालं. झगा बदलला की पापपुण्यही बदलतं होय?

लो पाद्री : फान पाद्री चुकले. त्यांच्या पंथाला दरबारातल्या बड्या लोकांची मर्जी राखायची असते. मग कुठे वाकायचं आणि कुठे नाही, याचा विसर पडतो.

कुओ आजी : ते तुमच्याविषयी म्हणायचे, सुतीवाल्यांना पुस्तक वाचता येतं, माणूस वाचता येत नाही.

लो पाद्री : असं म्हणाले?

कुओ आजी : वर हसलेसुद्धा.

लो पाद्री : हसतील नाही तर काय! पालखीतून फिरतात. आम्ही डोंगर चढून इथे येतो तेव्हा पायाला फोड आलेले असतात.

कुओ आजी : ते दिसतंय. सूनबाई, यांना पाय शेकायला गरम पाणीही आण. अहो, एका देवाच्या घरात तुम्ही दोन जावा. एकीनं पेटवलेली चूल दुसरी विझवते, आणि उपाशी कोण राहतं? आम्ही.

श्यूइंग : पाद्री, मी फान पाद्रींकडे फूचौला निरोप धाडला होता.

लो पाद्री : काय म्हणाले?

श्यूइंग : म्हणाले, बिशपचा हुकूम मानू नका, आम्ही रोमला पत्र लिहिलंय. उत्तर आलं की सगळं ठीक होईल.

कुओ आजी : विचार गं, उत्तर कधी येणार ते विचार.

श्यूइंग : पाच-सहा वर्षांनी.

कुओ आजी : आणि वैद्य म्हणतो, पाच-सहा दिवस.

लो पाद्री : म्हणूनच हात जोडतोय, आजी. हुकूम मोडून मी तेल लावलं तर ते तुमच्या कामी येणार नाही.

कुओ आजी : म्हणजे आमचे हे स्वर्गात, आणि मी दाराबाहेर पायरीवर.

लो पाद्री : तसं होऊ नये म्हणून तर...

कुओ आजी : आणि पाटी जाळली तर घरात ह्यांना टेकायला जागा नाही. रोज सकाळी पहिल्या चहाचा पेला मी त्या पाटीपुढे ठेवते. नदीला पाणी किती, शेजारणीनं काय आगाऊपणा केला, सगळं सांगते. जिवंतपणी कधी ऐकून घेतलं नाही त्यांनी. आता कुठे जरा ऐकायला लागलेत.

(आजी फळीकडे बघतात, मग मान पेटीकडे वळवतात.)

कुओ आजी : सूनबाई, पाटी आण. माझ्या पेटीतली. निळ्या कापडात गुंडाळलेली.

श्यूइंग : आई! ती नको.

कुओ आजी : मला उलट बोलू नकोस. आण, आणि यांच्या हातात दे.

लो पाद्री : हिच्यावर लाल कागद चिकटवलाय. माणूस जिवंत असलं की नावावर लाल कागद लावतात तुमच्याकडे. आजी, हे तुमचं नाव आहे.

कुओ आजी : मला कुठे वाचता येतं? तुम्ही पाटी मागितलीत, मी पाटी दिली.

श्यूइंग : पाद्री, कापराच्या झाडाच्या एकाच खोडातून दोन्ही कापून घेतल्यात त्यांनी. एक बाबांची, एक स्वतःची. त्या गेल्या की कागद फाडायचा आणि बाबांच्या उजव्या हाताला ही उभी करायची. बारा वर्षं ती जागा मोकळी ठेवलीय. मला तिथे पणतीही ठेवू देत नाहीत.

लो पाद्री : मग हीच का जाळायची?

कुओ आजी : मला तिकडे जायचंय म्हणून. तिकडे ते बारा वर्षं एकटे आहेत. पण इकडे त्यांचं नाव पुसून मी तिकडे कोणत्या तोंडानं जाऊ? माझं नाव गेलं तरी चालेल. मी काय, नव्हतेच कुठे लिहिलेली.

लो पाद्री : हुकुमात अशी अदलाबदल बसत नाही, आजी.

कुओ आजी : पाद्री, तुमची आई कुठे पुरलीय?

लो पाद्री : ठाऊक नाही. माझ्या देशातून पत्र आलं तेव्हा तिला जाऊन दोन वर्षं झाली होती.

कुओ आजी : तिचं काही आहे तुमच्यापाशी?

लो पाद्री : एक अंगुस्तान. शिवताना बोटात घालायची.

कुओ आजी : ते बाहेर काढता तेव्हा मान ताठ असते तुमची?

लो पाद्री : ...श्यूइंगबाई, शेगडी आणा. आणि त्या फळीवरचा पडदा ओढून घ्या.

श्यूइंग : पडदा?

लो पाद्री : बिशप विचारतील, कुओंच्या घरची पाटी जाळली का? मी लिहीन, माझ्या हातानं जाळली. जे मला दिसलं नाही त्याविषयी ते विचारणार नाहीत.

कुओ आजी : अगदी फान पाद्रींसारखं बोललात.

लो पाद्री : कृपा करून हे कुणाला सांगू नका.

कुओ आजी : सांगायला राहतेय कोण? लाल कागद आधी काढा हो. धूर फार करतो तो.

(पाटी जळते. तेल लावून लो पाद्री डोंगर उतरून जातात.)

श्यूइंग : आई, जाग आहे? पडदा सारू?

कुओ आजी : सार. चहा ठेवलास?

श्यूइंग : ठेवला. कापराचा वास अजून घरभर आहे.

कुओ आजी : असू दे. मीच आहे ती.

श्यूइंग : बाबांची पाटी अशी एका कडेला फार एकटी दिसते. मधोमध सरकवू का?

कुओ आजी : नको. आहे तिथेच राहू दे. आणि शेजारची जागा रोज पुसत जा.