नळाचा दिवस

वर्षाराणी : स्वेटर कुठंय, आप्पा? पुण्यात थंडी असते.

वैजनाथ : सांडाच्या शिंगाला अडकून गेलं.

वर्षाराणी : परत सांड?

वैजनाथ : मग हात कशानं मोडला? गंजगोलाईच्या चौकात समोरून आला. मी डावं शिंग धरलं अन् सोळाही रस्त्यांवरून फिरवून आणला त्याला. लोकं दुकानं सोडून बघून राहिले.

वर्षाराणी : गाडी खाली उभी आहे. गोळ्यांचा डबा द्या.

वैजनाथ : पोरी, मला लातुरातून नेऊ नको. गाव सोडून, जळकोट सोडून इथं आलो ते सोय बघूनच. डॉक्टर चार पावलांवर. रिक्षावाला आसिफ हाताला धरून दारात आणून सोडतो. तुझ्या अकराव्या मजल्यावर मी कुणाशी बोलू, लिफ्टशी?

वर्षाराणी : इथं नळ आठ दिवसांनी येतो, आप्पा. तिथं चोवीस तास पाणी आहे.

वैजनाथ : म्हणून तर नको म्हणून राहिलो. अख्तरीबाई, तुम्ही शेजारच्या, तुम्ही सांगा हिला.

अख्तरी : काय सांगू, भाऊ? सांड सांगू का खरं सांगू?

वैजनाथ : सांडच सांगा.

अख्तरी : बेटी, मोरीत पडले हे. मंगळवारी, सकाळी सातला. नळ आला दुपारी चारला. आमच्या गल्लीत ज्याला आधी कळतं, तो सगळ्यांची दारं वाजवतो. यांचं वाजवलं तर कुणी उघडंना. आसिफनं कडी उचकटली, तवा दिसले.

वर्षाराणी : मंगळवारी मी दोनदा फोन केला होता. तुम्ही उचलला नाहीत. रात्री म्हणालात, लग्नाला गेलो होतो. जिलब्या किती खाल्ल्या तेही सांगितलंत.

वैजनाथ : बारा.

वर्षाराणी : नऊ तास, आप्पा.

वैजनाथ : फोन वाजलेला ऐकू येत होता. हात पोचत नव्हता.

वर्षाराणी : आणि नळ सोमवारीच येऊन गेला असता तर?

अख्तरी : तेच मी बी घोकून राहिले. झोप न्हाई मला.

वैजनाथ : तुझ्याकडं पाणी कधी जातच न्हाई, वर्षे. मग दार कोण वाजवणार? तू अन् जावईबापू आठला जाता, दिवेलागणीला येता. पाया पडतो तुझ्या, ती बॅग ठेव.

वर्षाराणी : असं बोलू नका हो.

वैजनाथ : अख्तरीबाई, रोजच नळ आलाय असं समजून दार वाजवत जा.

अख्तरी : वाजवीन. उघडायला तेवढं तुम्ही या.

वर्षाराणी : (बॅगेची चेन अर्ध्यावर थांबवून) किती वाजता वाजवाल, मावशी?