खालून पाहिलेला माणूस

दिनांक ९ नोव्हेंबर. उशीर झाला याबद्दल आधी माफी मागते. घटनेला पाच आठवडे होऊन गेले. ठाण्यातून दोनदा बोलावणे आले आणि दोन्ही वेळा मी प्रकृतीचे कारण कळवले. पहिल्या वेळी ते खरे होते.

मी, वय ४४ वर्षे, शिक्षण औषधनिर्माणशास्त्राची पदवी, धंदा औषधांचे दुकान, राहणार धक्क्याच्या रस्त्याला दुकानाच्याच वरच्या मजल्यावर, आज ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की, मी वरील ठिकाणी थोरला भाऊ व वहिनी यांच्यासह राहते. बेटावर औषधांचे दुसरे दुकान नाही, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक घराशी माझा संबंध येतो.

दिनांक ३ ऑक्टोबर रोजी दिवेलागणीच्या सुमारास मी टेकडीवरच्या एका आजारी बाईंना इन्सुलिन पोचवून पायी परत येत होते. बर्फाच्या कारखान्यामागे वळण आहे. तिथे खांब आहे, दिवा नाही. समोरून एक व्यक्ती आली. मी, "काय, आज उशीर?" असे म्हटले. ओळखत नव्हतात तर बोललात कशा, असे जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारांनी विचारले. आमच्याकडे रस्त्यात कुणी भेटले की आधी बोलायचे आणि मग कोण ते बघायचे, अशी सवय आहे. बहुतेक वेळा बघायचे राहूनच जाते. सगळे ओळखीचेच असतात.

त्या व्यक्तीने उत्तर दिले नाही. बाजूने जाताना तिच्या हातातली काहीतरी कठीण वस्तू, लाकडी की लोखंडी ते सांगता येत नाही, माझ्या डोक्याला डावीकडे लागली. मी "लागली" असे सांगितले होते, हवालदारांनी "मारली" असा शब्द सुचवला. तो बरोबर आहे. मी खाली पडले. डोक्यावर हात धरला तेव्हा दुसरा फटका उजव्या मनगटावर बसला. मी मान वळवून वर पाहिले. चेहरा दिसला नाही, आकृती दिसली. नंतर ती व्यक्ती निघून गेली. पळाली नाही, चालत गेली. माझी पिशवी तिथेच होती, कानातलेही कानात होते. ती एक शब्दही बोलली नाही.

बर्फाच्या कारखान्यातल्या कामगारांनी मला दवाखान्यात नेले. टाके पडले, मनगटाला प्लास्टर घातले. भावाने विचारले, "कसा होता?" मी म्हणाले, "उंच." या घटनेबद्दल मी आजवर सांगितलेली हकिकत एवढीच.

धक्क्याच्या दुरुस्तीसाठी बाहेरून माणसे आली आहेत, त्यांत एक वेल्डर आहे. तो उंच आहे. बेटावर उंच माणसे पुष्कळ आहेत, माझा भाऊही उंच आहे. पण त्या रात्रीच्या जेवणापर्यंत आमच्या घरात उंच म्हणजे वेल्डर, असे ठरून गेले होते. मी ते ठरवले नाही. मोडलेही नाही.

का मोडले नाही, हेही सांगते. वेल्डरचे नाव गावात पोचायच्या आधी, पहिले काही दिवस, लोक मला भेटायला येत आणि मलाच विचारत. "काही नेलं नाही? मग मारलं कशाला?" निवृत्त बोटमास्तर म्हणाले, "पोरी, नीट आठव. कुणाला चुकीची गोळी तर दिली नाहीस?" शिवणकाम करणाऱ्या शेजारीणबाई म्हणाल्या, "जीभ तशी तुझी तिखटच आहे, गं." मी खरोखरच आठवू लागले. कुणाला काय दिले, कुणाशी कशी बोलले. ते नाव गावभर झाल्यावर हे प्रश्न थांबले. बाहेरचा आहे ना, मग झालं, असे सगळे म्हणू लागले. मला झोप लागू लागली. हवालदार म्हणाले, "ताई, झोपेचं जबाबात नसतं." मी लिहून घेण्याचा आग्रह धरला.

ठाण्याने वेल्डरला चौकशीसाठी बोलावले व फिर्यादीचा, म्हणजे माझा, जबाब होईपर्यंत बेट सोडू नये असे बजावले. ठेकेदाराने त्याचे काम थांबवले. खानावळवालीने त्याला ताट देणे बंद केले. म्हणजे त्याला जायला बंदी होती आणि राहायला थारा नव्हता. दोन्हींचे कारण, मी येत नव्हते, हे आहे.

मागच्या आठवड्यात तो दुकानात आला. गल्ल्यावर भाऊ होता. मी आत, पडद्यामागे औषधे लावत होते.

"भाजल्यावर लावायचं मलम द्या."

"संपलंय."

"मागे फळीवर दिसतंय की."

"ते ठेवलेलं आहे."

तो मग म्हणाला, "बाईंना बरं आहे का आता?"

"तिची चौकशी तू करू नकोस," भाऊ म्हणाला.

तो गेला. मी पडदा बाजूला केला नाही. त्याचा प्रश्न काळजीचा होता की आणखी कशाचा, ते मला माहीत नाही आणि त्यावरून मला काही सिद्ध करायचे नाही. परंतु मी पडद्यामागे उभी होते आणि मला सगळे ऐकू आले, ही वस्तुस्थिती आहे.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी शटर अर्धे ओढून मी दुकानाच्या फरशीवर आडवी झाले आणि वहिनीला माझ्या बाजूने चालत जायला सांगितले. वहिनीला दुसऱ्या फळीवरची बाटली काढायलाही स्टूल लागते.

"वन्सं, हे काय नवीन? फरशी पुसलेली नाही."

"जा तर खरी."

ती गेली, वळली, परत आली.

"झालं? कशी दिसले?"

"उंच. वर छताला लागशील की काय असं वाटलं."

ती हसत सुटली. "हे तुमच्या आईंना सांगायचं होतंत. ठेंगणी, ठेंगणी म्हणून जन्म गेला त्यांचा." मग तिचे हसू थांबले. "म्हणजे तो उंच नव्हता?"

"असेलही. नसेलही."

"मग कोण होता?"

"माहीत नाही, वहिनी."

ती माझ्याशेजारी फरशीवर बसली. मग म्हणाली, "म्हणजे रोज इथे खोकल्याचं औषध मागायला येणारासुद्धा असेल." मी हो म्हटले. ती म्हणाली, "मग नसतं झोपलात खाली तर बरं होतं."

भावालाही हे पटलेले नाही. आज सकाळी तो म्हणाला, "कशाला उकरून काढतेस? तो आज ना उद्या जाणारा माणूस. आपल्याला इथं जन्म काढायचाय." मी म्हटले, माझ्या जबाबाशिवाय तो जाऊच शकत नाही. भाऊ म्हणाला, "मग लोकांना काय सांगायचं? कुणीही मारलं? उगीचच?" मी म्हटले, हो, तेच सांगायचे. त्याने मला इथवर आणून सोडले आणि आता तो बाहेर बाकावर बसला आहे.

म्हणून मी असे सांगते की, "उंच" हा माझा शब्द मी मागे घेते. मी जमिनीवर पडलेली होते आणि खालून पाहिले. ती व्यक्ती उंच की ठेंगणी, इथली की बाहेरची, हे मला माहीत नाही. ती वेल्डर होती असे मला म्हणता येत नाही. ती वेल्डर नव्हती असेही मी पाहिलेले नाही, आणि त्याच्यावर उपकार म्हणून तसे सांगणार नाही. त्याच्याविरुद्ध तक्रार करण्याइतके मला काहीही ठाऊक नाही. ओळख परेड घेतलीत तर मी कुणाकडेही बोट दाखवणार नाही.

संशय कुणावर, असे विचारले असता, कुणावरही नाही. कारण काय असावे, असे विचारले असता, कारण सापडले नाही. ते असलेच पाहिजे असे आता मला वाटत नाही, पण तसे न वाटणे सोपे जात नाही. गल्ल्यावर येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे मी हल्ली नीट बघते. इतक्या वर्षांत बघितली नव्हती, अशी किती तोंडे ओळखीची आहेत.

हवालदारांनी पेन खाली ठेवून म्हटले, "ताई, तुम्ही अवघड करून ठेवलंत. संध्याकाळी मीही त्याच रस्त्यानं घरी जातो." मी म्हटले, "तुम्हीही मला उंचच दिसला असतात." ही दोन्ही वाक्ये गाळावीत असे त्यांचे मत पडले. मी ती ठेवायला सांगितली.

वरील मजकूर हवालदारांनी मला सावकाश मोठ्याने वाचून दाखवला, दोन जागी मी दुरुस्ती करून घेतली. आता तो मी बोलले तसाच आहे आणि याहून जास्त मला माहीत नाही. उजव्या हातात अजून जोर नसल्याने सही डाव्या हाताने केली आहे. ती माझीच आहे.

वेल्डरला ठाण्यातून कळवू, तुम्ही त्रास घेऊ नका, असे हवालदार म्हणाले. तरी सहीखाली एवढे लिहून ठेवते.

उद्या : धक्क्यावरच्या कामगारांच्या शेडवर जाऊन हे त्याला स्वतः सांगणे.